कानामागचा आवाज

४ मार्च, सोमवार

आज घरात एक आवाज आला. म्हणजे हिला आला. मला आला नाही, म्हणजे तो नव्हता.

हे मी फुशारकीने लिहीत नाही. मोटार रिवाइंडिंगच्या धंद्यात कान हेच माझं हत्यार. पंखा आणा, पंप आणा, पिठाची चक्की आणा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉडीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आत बेअरिंग खातंय का वाइंडिंग गुणगुणतंय हे मला न उघडता कळतं. हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी कोणाकडूनच काही शिकलेलो नाही. हिच्याकडून अर्धं गाव गाडी चालवायला शिकलं, पण मी नाही. शिकायची झाली तर माझा मी शिकेन.

तर जेवताना ही म्हणाली, "अहो, हे फूस फूस काय वाजतंय?"

"कुठे?"

"इथे, उजवीकडे."

तिच्या उजवीकडे फ्रिज आहे. फ्रिजला स्क्रूड्रायव्हर लावला. उत्तम चालू आहे. तसं सांगितलं. "बरं," म्हणाली आणि मानेवर हात दाबून बसली. हल्ली तिला ही सवय लागली आहे. दिवसभर दुसऱ्याच्या गाडी चालवण्याकडे बघायचं म्हणजे मान धरणारच.

९ मार्च

फ्रिज उघडला. दोष नाही. उघडलाच होता म्हणून कंप्रेसरखालची रबरं बदलली. दूध नासलं.

"आवाज आहेच," ही म्हणाली.

"आत्ता? फ्रिज तर बंद आहे."

"मग तो फ्रिजचा नसेल."

हे मान्य करावं लागलं. पंख्याकडे वळलो.

१५ मार्च

छताचा पंखा उतरवून दोन्ही बेअरिंग नवी घातली. आता तो इतका मुका झालाय की फिरतोय का ते मान वर करून बघावं लागतं. हिला आवाज येतोच. तेव्हा पद्धतशीर चौकशी केली. स्वयंपाकघरात आवाज उजवीकडून येतो. झोपायच्या खोलीतही उजवीकडून. गच्चीत नेऊन उभं केलं, तिथेही उजवीकडून. ती तोंड फिरवते तसा तोही फिरतो. जिना चढून आली की जोरात वाजतो.

निष्कर्ष: इमारतीच्या पाइपांतून कंप घुमतोय आणि जिन्यापाशी तो सर्वांत जास्त आहे. संशयित, वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर चालवतात तो इमारतीचा पंप.

२० मार्च

पोस्टमास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून खिडकीपलीकडून बोलल्यासारखं.

"पंप तुम्हीच दुरुस्त केलाय," ते म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो. माझ्या हातचं काम वाजणार नाही. तुम्ही त्याला नंतर काहीतरी केलंय."

"मी फक्त बटण दाबतो हो!"

"कसं दाबता?"

शेवटी पंप दुपारपर्यंत बंद ठेवला. टाकी रिकामी झाली. लोक बादल्या घेऊन जिन्यात उभे राहिले आणि माझ्याविषयी बोलत होते, हे मला न उघडता कळलं. मी हिला विचारलं, "आता?"

ही जिन्यात उभी होती, मानेवर हात. हात काढला. "आहे." परत दाबला. "आता नाही." परत काढला. "आहे."

म्हणजे आवाज मधूनमधून येतो. असले दोष सर्वांत कटकटीचे.

जाता जाता: दुकानातून येताना चुकीच्या बसमध्ये चढलो. बसवरचे आकडे हल्ली फार बारीक काढतात.

२६ मार्च

कोपऱ्यावरच्या कानाच्या डॉक्टरांनी हिचा कान साफ करून दिला. ही म्हणते, छान झालं, आता तो आवाज आणखी स्वच्छ ऐकू येतो.

बाकी, ही आजकाल गाडी काढत नाही. शिकणाऱ्यांना सांगते, सुट्टी घेतली आहे. बाजारात पायी जाते. वजन कमी करायचं असेल, चांगली गोष्ट आहे. मात्र तिची एक जुनी खोड गेली आहे. रस्त्यात चालताना ही कायम लांबच्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचायची. शिकवणीचा तिचा पहिला नियमच तो: समोर दिसणाऱ्या शेवटच्या गाडीचा नंबर वाचून दाखवायचा, मग किल्ली हातात मिळते. आज वाटेत तिने एकही नंबर वाचला नाही. मला शांत वाटलं.

मुलीचा फोन आला होता. ती परगावी नोकरीला असते, पण घरात काय उघडलंय ते तिला सगळं माहीत असतं. म्हणाली, "बाबा, आईला डॉक्टरकडे न्या." मी म्हटलं, नेलं होतं. "कानाच्या नाही हो. दुसऱ्या कुठल्यातरी!" मुलांना आजकाल धीर नाही.

२ एप्रिल, मंगळवार

ही आज एकटीच टॅक्सी करून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला, असं मला सांगितलं होतं. दुपारी तिथून डॉक्टरबाईंचा फोन आला, या म्हणून. गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टर उंच आहेत आणि मोजकं बोलतात. म्हणाल्या, नजरेची नस डोळ्यात जिथून शिरते तिथे दोन्ही बाजूंना सूज आहे. डोक्यात दाब वाढलाय. तपास लगेच व्हायला हवा. असंच राहिलं तर नजर जाते, आणि गेलेली परत आणता येत नाही.

मग ही शांतपणे सांगायला लागली. वाकून उठलं की डोळ्यांसमोर करडा पडदा येतो. क्षणभरच. सकाळी डोकं जड असतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही फ्रिज उघडलात त्याच्या आधीपासून."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही ट्यूबलाइट उघडली असती."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदात मान घातली. बाहेर आल्यावर ही म्हणाली, पहिल्यांदा पडदा आला त्याच संध्याकाळी गाडीची किल्ली डब्यात टाकली. "लोकांची मुलं बसतात हो माझ्या भरवशावर."

मी टॅक्सीच्या मागच्या शॉक-अॅब्सॉर्बरविषयी बोललो.

८ एप्रिल

तपास झाले. मशीनमध्ये डोक्याचे फोटो काढले, शिरांचे वेगळे. पाठीतून सुई घालून मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब मोजला, तो बराच जास्त निघाला. गाठ नाही. हे 'गाठ नाही' ऐकेपर्यंत मी एकाच पायावर उभा होतो, हे नंतर पाय दुखायला लागल्यावर कळलं.

आता मेंदूच्या शिरांचे डॉक्टर. वयाने माझ्या मुलीपेक्षा थोडे मोठे असतील, सारखे हसतात, आणि समोर येईल त्या कागदावर चित्रं काढतात. मेंदूला पोचलेलं रक्त परत खाली आणणाऱ्या रुंद शिरा कवटीच्या आतून जातात. हिची उजवीकडची मोठी शीर कानाच्या मागे एका जागी चिंचोळी झाली आहे. रक्त तिथे तुंबतं, मागे दाब चढतो, तो डोळ्यांच्या नसांवर येतो.

"आणि आवाज?" हिने विचारलं.

"तिथूनच. चिंचोळ्या जागेतून रक्त जोरात जातं ना. मानेवर बोट दाबलं की थांबतो का?"

"थांबतो."

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, तरी मी खिडकीबाहेर पाहिलं.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप हिच्या उजव्या कानामागे ठेवला, ऐकलं, आणि मग नळ्या माझ्याकडे केल्या. "मॅडम म्हणाल्या, तुमचा कान तयार आहे. ऐका."

ऐकलं. फूस. फूस. फूस. नाडीबरोबर अगदी.

मी घराला कान लावला, फ्रिजला लावला, पोस्टमास्तरांच्या पंपाला लावला. आवाज होता. मी ऐकला.

१७ एप्रिल

सध्या गोळ्या. डोक्यातलं पाणी कमी तयार होतं त्यांनी. हिच्या बोटांना मुंग्या येतात आणि सोडा पाण्यासारखा लागतो. गोळ्यांनी नजर सांभाळली गेली तर पुढचं काही लागणार नाही.

मला मात्र चित्रावरून समाधान होईना. दुकानात टेबलावर पारदर्शक नळी लावली, छोटा पंप जोडला, मध्ये नळीला तार गुंडाळून चिमटा दिला. तिथे पाणी तस्संच वाजायला लागलं, आणि मागची नळी फुगली! मग मी आत एक स्प्रिंग सरकवून बघत होतो, तेवढ्यात ही आली. बराच वेळ बघत राहिली.

"हे माझ्या डोक्यात आहे?"

"अंदाजे."

"आणि हे फुगलंय ते म्हणजे माझा दाब."

"हो."

"बरं. म्हणजे कळलं." एवढ्यात नळी जोडातून सुटली आणि भिंत, बिलाचं पुस्तक आणि एक गिऱ्हाईक भिजलं. ही पोट धरधरून हसली. कित्येक दिवसांनी हसली. गिऱ्हाइकाला टॉवेलही तिनेच दिला.

२७ मे, सोमवार

नजरेच्या घेराची तपासणी झाली. अंधाऱ्या खोक्यात डोकं घालून बसायचं, कडेकडेने ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. मागच्या वेळेपेक्षा घेर आत आला आहे. गोळ्या पुरत नाहीत.

हसरे डॉक्टर आज कमी हसले. मांडीजवळच्या शिरेतून बारीक नळी वर डोक्यापर्यंत न्यायची, चिंचोळ्या जागेच्या अलीकडे-पलीकडे दाब मोजायचा, आणि फरक मोठा निघाला तर तिथे स्टेंट बसवायचा, म्हणजे जाळीची नळी. ती आपोआप उमलते आणि शीर आतून उघडी धरते. कवटी उघडायची नाही. धोके त्यांनी लपवले नाहीत. रक्तस्राव क्वचित होतो, जाळीत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कित्येक महिने, आणि कधीकधी जाळीच्या पलीकडे शीर पुन्हा चिंचोळी होते.

मी प्रश्न लिहून नेले होते. जाळीचा धातू कोणता, व्यास किती, पुढे गंजते का. डॉक्टरांनी तिन्हींची उत्तरं दिली. (गंजत नाही.) मग ही म्हणाली, "डॉक्टर, शीर चिंचोळी म्हणून दाब वाढला, का दाब वाढला म्हणून शीर चेपली?"

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "हा खरा प्रश्न! दोन्ही असतं. एक दुसऱ्याला वाढवत नेतं. जाळी ती साखळी मध्येच तोडते."

माझ्या यादीत हा प्रश्न नव्हता. चौथा लिहिणार होतो, तेवढ्यात बस आली होती. चुकीची होती.

४ जून

दाब मोजला. ही जागीच होती. नळी डोक्यात असताना तिने डॉक्टरांना विचारलं म्हणे, "वळणावर हळू घेताय ना?" फरक चांगलाच मोठा आहे. जाळी बसवायची ठरलं.

मी घरी येऊन म्हटलं, "आणखी एका डॉक्टरांचं मत घेऊया. घाई कशाला?"

"घाई मला आहे," ही म्हणाली. "तुम्हाला भीती वाटते ती वेगळी गोष्ट आहे."

मला भीती वाटत नाही. दुसऱ्याने केलेल्या कामावर माझा चटकन विश्वास बसत नाही, इतकंच. तरी मुलीनेही फोनवर तेच शब्द वापरले. दोघींनी आधी ठरवलं असणार.

११ जून

उद्या. रजा काढून मुलगी आली आहे. पोस्टमास्तर भेटायला आले आणि पंप रोज दोन तास बंद ठेवू का, असं विचारत होते. भला माणूस.

बॅग भरताना हिने डब्यातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"डोळे राहिले तर माझा पहिला विद्यार्थी तुम्ही."

"मला कशाला शिकवतेस, मी माझा..."

"हो म्हणा."

हो म्हटलं. आज तिने काहीही मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं. हे तिलाही ठाऊक असणार, नाहीतर आजच मागितलं नसतं.

१२ जून, बुधवार

सकाळी तिला आत नेलं. दारापर्यंत गेलो. "दुकानात एक फेरी मारून या," म्हणाली. गेलो नाही.

बसायच्या खोलीतल्या एसीचा पंखा घासतोय. आतलं बुश झिजलेलं आहे. तिथला कर्मचारी दोनदा समोरून गेला, मी काही बोललो नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला तो आवाज येत नाहीये?" म्हटलं, येतोय. "मग?" म्हटलं, असू दे.

दुपारी हसरे डॉक्टर आले, टोपी हातात, हसत. जाळी जागेवर बसली. अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक जवळजवळ उरलाच नाही. बसवलेल्या जाळीचा व्यास विचारायला मी यादी काढली आणि उलटी धरली. त्यांनी आपणहून सांगितला. फार समजूतदार माणूस आहे.

संध्याकाळी तिला भेटू दिलं. झोपेतच होती. एक डोळा उघडला, इकडेतिकडे पाहिलं, आणि म्हणाली,

"अहो, पंप कोणी बंद केला?"

मुलगी रडायला लागली. मी एसी बघायला बाहेर गेलो. कर्मचाऱ्याला बुशविषयी सांगितलं, जरा जास्तच वेळ.

१५ जून

घरी. उजव्या बाजूला डोकं दुखतं, थोडे दिवस दुखेल म्हणाले. हाताला जरा काही लागलं की निळं होतं, गोळ्यांमुळे. पण फूस फूस गेलं ते गेलंच. म्हणते, आता घरात किती बारीक आवाज आहेत ते कळतंय. मी पेन टेबलावर आपटतो, मी चहा आवाज करून पितो, मी स्वतःशी बोलतो.

३ जुलै

मी स्टेथोस्कोप आणलाय. रोज सकाळी हिच्या कानामागे लावतो. काही नाही. इतकं सुरेख 'काही नाही' मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

"झालं का?" ही विचारते.

"थांब जरा."

"अहो, यंत्र चालू आहे का नाही ते कळायला किती वेळ लागतो?"

"चालू असलेलं ऐकायला जास्त लागतो."

मग ती मान तशीच धरते.

२२ जुलै

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सूज उतरते आहे, पण गाडीची परवानगी अजून नाही. घेराची तपासणी सप्टेंबरात पुन्हा. हिने विचारलं, नाही सुधारलं तर? बाई म्हणाल्या, "आहे तेवढं टिकलं तरी मी खूश होईन. तुम्ही गाडीसाठी विचारताय, हे माहीत आहे मला. तेव्हा खोटं सांगणार नाही."

गाडी दारात झाकून उभी आहे, शिकवणीच्या लाल पाटीसकट. बॅटरी उतरू नये म्हणून मी ती चार्जरला लावतो, हवा भरतो, पुसतो. आज झाकण घालताना ही मागे उभी होती. म्हणाली, "फार लाड करू नका तिचे." आणि आत गेली.

९ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी घेराची तपासणी. ही खोक्यात डोकं घालून बसली. मी बाहेर बाकावर. आतून बटणाचा आवाज येतो, टिक. आधी मधे मधे मोठी खिंडारं असायची. आज मी डोळे मिटून ऐकलं: टिक, टिक, टिक टिक, टिक. मला निकाल बाईंच्या आधी कळला होता, पण कोणाला सांगितलं नाही.

घेर जवळजवळ पूर्ण आला आहे. सूज नाही. गोळ्या चालू ठेवायच्या, तपासायला येत राहायचं. आणि गाडी? "चालवा," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

निघताना मी त्यांना सुचवलं की भिंतीवरच्या तक्त्याच्या शेवटच्या तीन ओळी छापताना पुसट झाल्या आहेत, बदलून घ्या. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. हिने त्यांच्याकडे पाहिलं. बायकांचं आपसात काय चालतं ते कळत नाही.

दुपारी शब्द पाळायला गाडीत बसलो. शिकाऊ परवाना काढलाय, हिनेच सगळं करून दिलं. मी चालकाच्या जागी, ही शेजारी, तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक. किल्ली तिच्या मुठीत.

"आधी नियम," ही म्हणाली. "समोर शेवटची गाडी दिसते का?"

"पांढरी."

"निळी आहे. नंबर वाचा."

"पाटीवर चिखल आहे तिच्या."

हिने नंबर घडाघडा वाचला. मग तिच्याही पुढच्या गाडीचा. मग कोपऱ्यावरून वळणाऱ्या टेम्पोच्या मागचा फोन नंबर. सहा महिने साचलेलं सगळं एकदम वाचून टाकावं तशी वाचत सुटली, दुकानांच्या पाट्या, औषधवाल्याची वेळ, समोरून येणाऱ्या बसचा आकडा. मी नुसता ऐकत होतो.

मग थांबली. "अहो, तुम्ही डोळे शेवटचे कधी तपासलेत?"

"माझे डोळे उत्तम आहेत. तार मी अजून केसाइतकी..."

"जवळचं नाही म्हणत मी. सरका तिकडे."

"अगं पण धडा?"

"झाला. सरका."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी संध्याकाळची वेळ म्हणे सकाळीच धरून ठेवली होती, माझ्या नावाने. मी शेजारच्या सीटवर, माझ्या पायाखाली तो जादा ब्रेक, त्याला पाय लावायचा नाही अशी ताकीद. गाडी सहा महिन्यांनी निघाली, लोण्यासारखी. बॅटरी मी राखली होती. मी डोळे मिटून इंजिनला कान दिला.

"काही ऐकू येतंय?" हिने विचारलं.

"काही नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली आणि गिअर बदलला.